जुन्या कॅमेऱ्याची शाळा

ज्या घरांत फोटो काढण्याचें एखादें साधन नाहीं असें घर आज क्वचितच आढळेल. आईचा किंवा वडिलांचा मोबाइल घेऊन मूल सहलीस निघतें आणि सायंकाळीं घरीं परततें, तेव्हां त्यांत दोन-तीनशें चित्रें सांठलेलीं असतात. त्यांपैकीं किती चित्रें त्यानें दुसऱ्यांदा पाहिलीं, असा प्रश्न केला तर बहुधा उत्तर मिळत नाहीं. आणि ह्यांतील सर्वांत चांगलें चित्र कोणतें व तें चांगलें कां, असा प्रश्न केला तर मुळींच मिळत नाहीं. ह्या लेखांत मला असें प्रतिपादन करावयाचें आहे कीं, ज्या विद्यार्थ्याला ह्या कलेची खरी आवड आहे त्यानें तिचा आरंभ जुन्या कॅमेऱ्यानें व कृष्णधवल फिल्मनें करावा, आणि पालकांनीं ह्या कामीं त्याला अडथळा न करतां होईल तेवढें साहाय्य करावें. हें मत ऐकून कित्येकांस हंसूं येईल. बैलगाडी अडगळींतून काढून मुंबईस जाण्याचाच हा उपदेश आहे, असेंहि कोणी म्हणेल. त्यांचे आक्षेप मी पुढें घेणारच आहें. परंतु प्रथम माझी बाजू मांडूं द्यावी.

नवीन साधन वाईट आहे असें माझें म्हणणें नाहीं. दूरदेशीं नोकरीस असलेल्या मुलाला नातवाचें तोंड क्षणांत दाखवितां येतें, तें ह्याच साधनामुळें. प्रश्न आहे तो शिकण्याचा. मोबाइलचें बटण दाबलें म्हणजे प्रकाश किती घ्यावा, भिंगाची नजर कोठें ठरवावी, सावली किती उजळ करावी, हे सर्व निर्णय तें यंत्रच करतें. चित्र उत्तम येतें, पण तें उत्तम कां आलें हें मुलाला कळत नाहीं. आणि बिघडलें तर कां बिघडलें हेंहि कळत नाहीं. गणिताच्या पुस्तकाच्या शेवटीं उत्तरें छापलेलीं असतात. तीं पाहून वही भरणाऱ्या विद्यार्थ्याचीं सर्व उत्तरें बरोबर येतात, पण त्याला गणित आलें असें कोणी शिक्षक म्हणत नाहीं. जुन्या कॅमेऱ्याच्या शेवटीं उत्तरें छापलेलीं नसतात, हाच त्याचा गुण होय.

आतां ह्या विद्येचें मूळ पाहा. चांदीचे कांहीं क्षार प्रकाशानें काळे पडतात, ही गोष्ट रसायनशास्त्रज्ञांना फार दिवसांपासून ठाऊक होती. अडचण ही होती कीं, उमटलेलें चित्र टिकविण्याची युक्ति कोणास साधत नव्हती, कारण तें पाहण्यासाठीं उजेडांत आणलें कीं उरलेला क्षारहि काळा पडे. इंग्लंडांतील प्रसिद्ध ज्योतिषी सर जॉन हर्शेल ह्यांनीं १८१९ मध्यें असें दाखवून दिलें होतें कीं, आपण ज्याला हायपो म्हणतों त्या द्रवांत चांदीचे हे क्षार विरघळतात. पुढें १८३९ मध्यें फ्रान्सांत दागेर ह्यांची व इंग्लंडांत टॅल्बट ह्यांची पद्धति लोकांपुढें आली, तेव्हां हाच हायपो चित्र कायम करण्याच्या कामीं आला. ‘निगेटिव्ह’ व ‘पॉझिटिव्ह’ हे शब्द छायाचित्रणांत रूढ केले तेहि हर्शेल ह्यांनींच. सुमारें दोनशें वर्षें होत आलीं तरी कृष्णधवल फिल्म धुण्याच्या कामांत आजहि तोच हायपो वापरतात. शाळेच्या प्रयोगशाळेंत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणांत मीठ टाकून पांढरा साका पाडणारा विद्यार्थी ह्या कलेच्या उंबरठ्यावर उभा असतो. फक्त ही गोष्ट त्याला कोणी सांगत नाहीं.

आपल्या प्रांतालाहि ही विद्या परकी नाहीं. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्यें स्थापन झाली, आणि भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी तिच्या आरंभींच्या हिंदी सभासदांपैकीं होते. लागलीच १८५५ मध्यें मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग निघाला व हरिश्चंद्र चिंतामण ह्यांच्यासारखे छायाचित्रकार त्यांतूनच तयार झाले. अर्थात् शाळेंत छायाचित्रण शिकवावें ही कल्पना माझ्या डोक्यांतून निघालेली नाहीं. ती मुंबईंत पावणेदोनशें वर्षांपूर्वीं अंमलांत आली होती. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे बडोद्याच्या कलाभवनांत शिकले व त्यांनीं गोध्रा येथें छायाचित्रकाराचा व्यवसाय केला. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्यें पडद्यावर आला. त्यापूर्वीं १९१२ मध्यें त्यांनीं वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो ह्याची लहानशी फिल्म थोडीथोडी करून, अनेक दिवस धीर धरून घेतली होती. नवसारीस १९१३ मध्यें जन्मलेल्या व मुंबईस शिकलेल्या होमाई व्यारावाला ह्यांनीं स्वातंत्र्याच्या काळांतील दिल्लीचे प्रसंग टिपले, आणि २०११ मध्यें सरकारनें त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविलें. त्यांचा आवडता रोलायफ्लेक्स कॅमेरा एका रोलवर बारा चित्रें घेतो. राष्ट्राच्या इतिहासाचे क्षण ज्या हिशेबांत बसले, तो हिशेब नवशिक्या विद्यार्थ्यास तोकडा पडण्याचें कांहीं कारण नाहीं.

ह्यावर व्यवहारी विद्यार्थी विचारील, “सर, तें सर्व खरें, पण आरंभ कसा करावा?” तेंच आतां सांगतों.

पहिली गोष्ट, विकत घेण्याची घाई करूं नये. प्रथम घरांतील व आप्तांकडील कपाटें, ट्रंका व माळे शोधावे. आपल्या देशांत बडोद्यास तयार झालेले आग्फाचे ‘क्लिक-तीन’ व ‘आयसोली’ हे कॅमेरे एके काळीं पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत होते, व त्यांतील कित्येक आजहि कापडांत गुंडाळून ठेवलेले सांपडतात. हे दोन्ही ‘एकशेंवीस’ नांवाच्या रुंद फिल्मवर चालतात. ही फिल्म १९०१ मध्यें निघाली व आजहि मिळते. क्लिक-तीन तीवर बारा चौकोनी चित्रें घेतो. आयसोली जराशीं लहान सोळा घेतो. त्यानंतरच्या काळांतला कॅमेरा असेल तर तो बहुधा पस्तीस मिलिमीटरच्या, म्हणजे छत्तीस चित्रांच्या फिल्मचा असेल, तोहि उत्तम. मात्र कांहीं जुने परदेशी कॅमेरे ‘सहाशेंवीस’ जातीची फिल्म मागतात. कोडॅकनें ती १९९५ मध्यें बंद केली. म्हणून असा कॅमेरा नवशिक्यानें घेऊं नये.

कॅमेरा सांपडल्यावर त्याची परीक्षा करावी. मागचें झांकण उघडून शटर दाबावें व तें उघडून मिटतें कीं नाहीं हें उजेडाकडे धरून पाहावें. भिंगांत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले तर ती बुरशी होय. पावसाळ्याच्या दमट हवेंत, विशेषतः कोंकणांत, बंद पेटींत ठेवलेल्या भिंगांना हा रोग हटकून होतो. थोडी बुरशी असेल तर चित्र येतें, फार असेल तर चित्र धुरकट होतें. घडीचा कॅमेरा असल्यास त्याच्या भात्याला छिद्रें पडलीं आहेत काय, हें अंधाऱ्या खोलींत आंतून विजेरीचा झोत टाकून पाहावें. एक टांचणीएवढें भोंकहि संपूर्ण फिल्म नासविण्यास पुरेसें होतें. पेटीवरील सेलेनियमचा प्रकाशमापक बहुधा निकामी झालेला असतो. त्याच्यावर विसंबूं नये. एवढी परीक्षा झाली म्हणजे मऊ ब्रशनें धूळ झाडावी. स्क्रू खोलून पाहण्याचा मोह मात्र आवरावा.

दुसरी गोष्ट फिल्मची. उटकमंड येथें हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० मध्यें स्थापन झाला होता व त्याची ‘इंदु’ फिल्म सर्वत्र विकली जात असे. तो कारखाना आतां बंद पडला आहे, त्यामुळें आज आपणांस परदेशी मालावर अवलंबून राहावें लागतें. इंग्लंडांतील इल्फर्ड, चेक देशांतील फोमा व अमेरिकेंतील कोडॅक ह्यांच्या कृष्णधवल फिल्म मुंबई-पुण्याच्या दुकानांतून किंवा टपालानें मिळतात. डबीवर १००, ४०० असा आंकडा असतो. तो फिल्मची प्रकाश टिपण्याची चपळाई दाखवितो. क्लिक-तीनसारख्या साध्या कॅमेऱ्याचें शटर संथ असतें व भिंगाचें छिद्र फारसें लहान होत नाहीं. म्हणून आपल्या कडक उन्हांत त्यांत १०० चीच फिल्म घालावी. ४०० ची घातली तर प्रकाश बेसुमार पडेल. ज्या कॅमेऱ्यांत वेग व छिद्र दोन्ही बदलतां येतात, त्यांत ४०० ची घेतल्यास सावलींत व ओसरीवर सोय होते.

तिसरी गोष्ट प्रकाशाची, आणि सर्व विद्या हींत आहे. जुन्या छायाचित्रकारांचा एक सोपा नियम आहे. लख्ख ऊन असतां छिद्राचा आंकडा १६ वर ठेवावा, आणि शटरचा वेग फिल्मच्या आंकड्याइतका, म्हणजे १०० च्या फिल्मला सेकंदाचा सुमारें शंभरावा भाग, ठेवावा. कॅमेऱ्यावर १०० नसून १२५ असेल तर तोच चालतो. ऊन विरळ झालें तर छिद्र ११ वर, आभाळ भरून आलें तर ८ वर, दाट ढगांत ५.६ वर आणि ओसरीच्या सावलींत ५.६ किंवा ४ वर आणावें. येथें आंकडा जितका लहान तितकें छिद्र मोठें, आणि प्रत्येक पायरीस प्रकाश दुप्पट, हें ध्यानांत असावें. ज्या मुलानें हा नियम महिनाभर वापरला तें घराबाहेर पडतांच आभाळाकडे पाहतें, आणि “आज ११ आहे” असें आपणहून म्हणतें. रोज डोक्यावर असलेला प्रकाश त्यानें प्रथमच मोजलेला असतो.

त्यांतहि दोन सूचना. आपल्याकडील दुपारचें ऊन माणसाच्या चेहऱ्यास वैरी आहे. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात व कपाळ पांढरें फटफटीत होतें. म्हणून माणसांचीं चित्रें सकाळीं नऊच्या आंत, सायंकाळीं, किंवा दारांतल्या सावलींत घ्यावीं. आणि पांढरी भिंत मागें घेऊन सांवळा चेहरा टिपतांना चेहऱ्यास पुरेल इतका प्रकाश द्यावा, भिंतीस पुरेल इतका नव्हे. फिल्मवर थोडा प्रकाश अधिक झाला तर निभावतें. पण सावलींत जें उमटलेंच नाहीं तें मागून कोणालाहि उमटवितां येत नाहीं.

रंग नसल्यामुळें काय होतें हेंहि समजून घेतलें पाहिजे. तांबडें जास्वंद व त्याचीं हिरवीं पानें डोळ्यांना किती वेगळीं दिसतात! पण कृष्णधवल चित्रांत दोन्ही जवळजवळ एकाच करड्या छटेचीं होतात आणि फूल पानांत हरवून जातें. उलट, नीरस वाटणारी मातीची भिंत सकाळच्या तिरप्या उन्हांत पाहिली तर तिच्यावरील प्रत्येक बोटाचा ठसा चित्रांत उठून दिसतो. त्यामुळें विद्यार्थी वस्तूचा रंग सोडून तिचा आकार, तिचा पोत व तिच्यावर पडलेला उजेड पाहूं लागतो. चित्रकलेचे शिक्षक पेन्सिलीच्या छायाप्रकाशापासून आरंभ करून मग रंगपेटी हातांत देतात, तें ह्याच कारणास्तव.

चौथी गोष्ट फिल्म धुण्याची. पुष्कळ विद्यार्थी येथें भितात, पण भिण्याचें कारण नाहीं. हात घालतां येईल अशी काळी पिशवी, झांकणाची एक टाकी, तापमापक, घड्याळ व तीन बाटल्या एवढ्यावर काम होतें. पिशवींत हात घालून फिल्म चक्रीवर गुंडाळावी लागते. ही संवय आधीं वाया गेलेल्या फिल्मवर, डोळे मिटून करावी. लाल दिवा चालेल असें कोणी म्हणेल, पण तो कागदाला चालतो. आजच्या सर्वसाधारण फिल्मला संपूर्ण काळोख लागतो. पहिल्या बाटलींतला डेव्हलपर उमटलेलें अदृश्य चित्र दृश्य करतो, दुसरींतलें सौम्य आम्ल तें काम थांबवितें, आणि तिसरींतला हायपो उरलेला क्षार काढून चित्र कायम करतो. सर्व मदार तापमानावर आहे. पाकिटावरील वेळ बहुधा वीस अंशांसाठीं दिलेली असते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत नळाचें पाणीच तिसांच्या घरांत असतें. तेव्हां बादलींत पाणी व बर्फ घेऊन तींत बाटल्या उभ्या कराव्या व पारा वीसवर येईपर्यंत थांबावें. शेवटीं फिल्म भरपूर धुऊन, कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यानें बिनधुळीच्या जागीं टांगावी.

कागदावर छापण्यासाठीं एन्लार्जर पाहिजेच असेंहि नाहीं. एकशेंवीस फिल्मची निगेटिव्ह मुळांतच सव्वादोन इंच चौरस असते. लाल दिव्याच्या खोलींत ती कागदावर ठेवून वर कांच दाबावी, क्षणभर साधा दिवा लावावा व कागद द्रवांत बुडवावा. कोऱ्या कागदावर ओळखीचा चेहरा हळूहळू वर येतो. ही गोष्ट मीं वर्गास कितीदां तरी दाखविली आहे, पण त्या क्षणीं बोलणारा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाहीं.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला व सर्वांत खरा आक्षेप खर्चाचा. एका रोलला शेंकडों रुपये पडतात, द्रवांचा खर्च निराळा. मोबाइलवर मात्र चित्रें फुकट. गेल्या वर्षीं नववींतील एका मुलीनें आजोबांचा क्लिक-तीन शाळेंत आणला. तिच्या पहिल्या रोलमध्यें बारांपैकीं पांच चित्रें साधलीं. तीन हात हालल्यानें पुसटलीं, दोन घरांत घेतल्यामुळें काळीं झालीं, दोन फार जवळून घेतल्यानें अस्पष्ट आलीं. तिचे वडील मला म्हणाले, “सर, एवढे पैसे खर्चून पांचच फोटो?” मीं त्यांना विनंती केली कीं, बिघडलेलीं सात चित्रें मुलीपुढें ठेवा व प्रत्येकाचें कारण विचारा. तिनें सातांचींहि कारणें एकामागून एक सांगितलीं व पुढच्या खेपेस काय करावयाचें तेंहि सांगितलें. चूक सांपडणें, तिचें कारण सांपडणें आणि तें स्वतःच्या तोंडानें सांगतां येणें, ह्यासाठींच आपण मुलांस शाळेंत घालतों. शिकवणीवर आपण किती खर्च करतों हें पालकांस मीं सांगावयास नको.

तरीहि खर्च हा खर्चच आहे, आणि ज्या घरांत वह्यांसाठींहि विचार करावा लागतो तेथें हा छंद एकट्यानें करावा असें मी कधींहि म्हणणार नाहीं. त्यासाठीं चार विद्यार्थ्यांनीं मिळून एक रोल घ्यावा. प्रत्येकाच्या वांट्यास तीन चित्रें येतील. द्रव दहा जणांत वांटून घेतले म्हणजे ओझें हलकें होतें. तीन चित्रांत काय शिकणार, असें वाटेल. पण तिन्हींचा आधीं विचार करून कागदावर आंखणी केली, वेळ व प्रकाश लिहून ठेवला, आणि मागाहून फळ ताडून पाहिलें, तर तीन चित्रें तीनशांहून अधिक शिकवितात. वेळ व छिद्र ह्यांची टिपणवही ठेवल्यावांचून मात्र एकहि चित्र घेऊं नये.

दुसरा आक्षेप द्रवांचा. हे द्रव पोटांत जाण्याजोगे नव्हेत हें उघड आहे. कांहीं डेव्हलपरांतील मेटॉलनें कित्येकांच्या कातडीस खाज सुटते; म्हणून हातमोजे घालावे, खिडकी उघडी ठेवावी, आणि लहान भावंडांना दूर ठेवावें. स्वयंपाकघरांतील भांडीं ह्या कामास कधींहि घेऊं नयेत, आणि बाटल्यांवर नांवें लिहावीं. वापरलेल्या हायपोंत चांदी विरघळलेली असते. तो विहिरीजवळ किंवा झाडांच्या बुडाशीं ओतणें हा अपराध समजावा. तो डब्यांत सांठवून चांदी काढून घेणाऱ्यांकडे द्यावा. एवढें पथ्य पाळलें तर हें काम शाळेच्या रसायनप्रयोगांहून अधिक धोक्याचें नाहीं.

तिसरा आक्षेप असा कीं, ही विद्या आतां पोट भरावयाच्या उपयोगाची नाहीं. हें बव्हंशीं खरें आहे, व मी कोणाला खोटी आशा लावणार नाहीं. परंतु पोट भरणें एवढ्याचसाठीं आपण मुलांस कविता पाठ करावयास लावीत नाहीं, आणि सतार किंवा ऑर्गन शिकवीत नाहीं. शिवाय प्रकाश, छिद्र व वेळ ह्यांचा जो संबंध हाताला कळतो, तो पुढें कोणतेंहि नवें यंत्र घेतलें तरी कामास येतो. कारण भिंगाचे नियम यंत्र बदललें म्हणून बदलत नाहींत.

आतां ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः हा लेख लिहिला ती सांगतों. बाराच चित्रें आहेत असें कळलें म्हणजे मुलाला निवड करावी लागते. कोणाचें चित्र घ्यावें? कोणाला वगळावें? वर सांगितलेल्या मुलीनें एक चित्र आईसाठीं राखून ठेवलें होतें. आई शिवणयंत्रापाशीं बसली होती. ती म्हणाली, “माझा कशाला? फिल्म फुकट जाईल.” घरांतल्या मोबाइलमध्यें हजारों चित्रें होतीं, पण फोटो काढणारी आईच असल्यामुळें ती स्वतः त्यांत फारशी नव्हती, आणि काम करतांना तर कोठेंच नव्हती. मुलीनें हट्ट धरला, तिला खिडकीकडे तोंड करून बसविलें, दहा पावलें मोजून मागें सरली व श्वास रोखून खटका दाबला. साधलेल्या पांचांत तें एक होतें. आपल्या मुलीनें बारांतलें एक आपल्यावर खर्च केलें, हें त्या माउलीला कळलें. आणि आपली आई दिवसभर कोणत्या उजेडांत बसून काम करते, हें मुलीला कळलें. तीनशें चित्रांत आईचीं दहा आलीं असतीं तरी ह्यांतलें कांहीं घडलें नसतें, असें माझें मत आहे.

ज्याचें चित्र घ्यावयाचें त्याला आधीं विचारलें पाहिजे, हा धडाहि ह्याच मर्यादेंतून मिळतो. जुन्या कॅमेऱ्यास वेळ लागतो. अंतर मोजावें लागतें, समोरच्या माणसास क्षणभर स्थिर राहावें लागतें. त्याच्या नकळत हें घडत नाहीं. बाजारांतली भाजीवाली असो, शाळेचें आवार झाडणाऱ्या बाई असोत, “आपला फोटो घेऊं का?” असें विचारून, होकार आल्यावरच बटण दाबावें, आणि कबूल केलेली प्रत नेऊन द्यावी. न विचारतां दुसऱ्याचें चित्र घेऊन तें जगभर पाठविण्याच्या ह्या दिवसांत मुलांस ही रीत लावणें अत्यंत अगत्याचें झालें आहे.

टिकाऊपणाचाहि विचार करावा. मोबाइल हरवला, फुटला किंवा बदलला म्हणजे त्यांतील चित्रें पुष्कळदां त्याच्याबरोबरच जातात. नीट धुतलेली निगेटिव्ह कोरड्या जागीं ठेवली तर पिढ्यान्‌पिढ्या राहते. शंभर वर्षांपूर्वींच्या कांचेच्या निगेटिव्हवरून आजहि प्रती छापतां येतात. मात्र दमट ट्रंकेंत जुन्या फिल्मला आंबूस वास सुटून ती आक्रसते, हेंहि खरें. म्हणून पालकांस विनंती कीं, घरांत वडिलांच्या-आजोबांच्या निगेटिव्ह असतील तर त्या रद्दींत घालूं नयेत. कागदी पाकिटांत सुट्या ठेवाव्या, आणि पाकिटावर त्यांतील माणसांचीं नांवें व सालें लिहावीं. नांवें सांगणारीं माणसें हयात आहेत तोंवरच हें काम होऊं शकतें.

शेवटीं विद्यार्थ्यांस एक इशारा. जुना कॅमेरा गळ्यांत अडकविला म्हणजे आपण इतरांहून रसिक झालों, अशी ऐट कित्येकांस चढते. ती चढूं देऊं नका. अंधुक चित्र जुन्या कॅमेऱ्यानें घेतलें म्हणून कलापूर्ण होत नाहीं. तें अंधुकच असतें, आणि त्याचें कारण शोधलें पाहिजे. ज्याच्यापाशीं केवळ मोबाइल आहे त्यानेंहि निराश होऊं नये. त्यानें एका दिवसांत बाराच चित्रें घेईन असा नियम करावा, त्यांतील एकहि पुसूं नये, आणि आठवडाभर तीं पाहूं नयेत. निम्मी विद्या त्याला त्यांतच मिळेल.

येत्या सुटींत ज्यांच्या माळ्यावर कॅमेरा सांपडेल त्यांनीं तो जूनमध्यें शाळेंत घेऊन यावा. विज्ञानाच्या खोलीलगतची कोठी रिकामी आहे. तिच्या खिडकीस काळें कापड लावण्याचें व बर्फाची बादली आणण्याचें काम मी पतकरतों. पालकांनीं फक्त एवढें करावें, कीं जुनी पेटी भंगारवाल्याच्या तराजूंत टाकण्यापूर्वीं एकदां ती मुलाच्या हातांत द्यावी, आणि मुलगा किंवा मुलगी पहिल्या रोलवर एक चित्र आपलें घेऊं इच्छील तेव्हां, ‘माझा कशाला?’ असें न म्हणतां, खिडकीपाशीं येऊन स्वस्थ बसावें.